टोपलीखालचं पाऊल

वन्सं, तुमच्या पिठात पाऊल उमटलं. मांजराचं.

हसा आता. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता, हसता हसता ठसका लागला असता, आणि मी पाणी आणून दिलं असतं. मला मात्र त्या सकाळी हसू आलं नाही. मी भिंतीला धरून उभी राहिले आणि त्या चार बोटांच्या इवल्याशा ठशाकडं बघत राहिले. मनात म्हटलं, वन्सं, तुम्ही इतक्या लवकर ऐकाल असं वाटलं नव्हतं.

कारण ह्या पिठावरून तर आपलं भांडण होतं. आपल्याकडं माणूस जिथं जातं तिथं जमिनीवर पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात, पिठावर टोपली पालथी घालतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलायची आणि बघायचं कशाची खूण उमटलीय. जी खूण असेल, त्या जन्माला माणूस गेलं. माझी आई मानायची, मी मानते. तुम्ही नाही मानलं कधी. हे गेले तेव्हा पिठावर बारीक बारीक रेघा उठल्या होत्या. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "पाखरू झाला गं माझा दीर, चिमणी झाला." सगळ्या बाया हुंदके द्यायला लागल्या. आणि तुम्ही चष्मा नाकावर सरकवून खाली वाकलात आणि भरल्या घरात म्हणालात, "पाखरू कशाचं? झुरळ फिरलंय."

सख्ख्या भावाला झुरळ म्हणालात हो! किती दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते, आठवतं? तुमच्या हातात चहा द्यायची तर कप जमिनीवर ठेवायची. मग मी गॅलरीत कठड्यावर पाण्याची मातीची परळ ठेवली, शेजारी ज्वारीचे दाणे टाकायला लागले. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. पण रोज सकाळी माझी अंघोळ होईपर्यंत परळ भरलेली असायची. एकदा मी बाहेर आले तर तुमच्या हातात तांब्या, आणि मला बघून म्हणता कशा, "वैनी, झुरळाला तहान लागती का वो?"

त्यावर मी हसले होते. तिथं ते भांडण मिटलं असं मला वाटलं. मिटलं नव्हतं. आपली भांडणं मिटायची नाहीत, निवायची.

तुमचं मांजराचं खूळ ह्या थंडीत सुरू झालं. गुडघ्यांनी दगा दिला, शिलाईची मशीन बंद पडली, बायका साड्या फॉल-बिडिंगला दुसरीकडं द्यायला लागल्या. एक दिवस दिवाणावर पाय लांब करून तुम्ही म्हणालात, "घर लई मुकं झालंय वैनी. एक मांजर आणू." मी म्हटलं, आणा की. मला वाटलं बोलायचं म्हणून बोलताय. तर तुम्ही सरळ अजिंठ्याला भाच्याला फोन लावला. दिगंबर म्हणाला, आत्या, तिथं गारखेड्यात गल्लीत मांजरं काय कमी आहेत का? तुम्ही म्हणालात, "मला आपल्या गावच्या घरातल्या, मका साठवायच्या खोलीतलीच पायजे. त्या वंशातली."

त्या वंशाची गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गाव सोडून सगळे शेतातल्या खोपीत राहिले होते, तिथं सासूबाईंना तुम्ही झालात, आणि त्याच बाजंखाली त्याच दिवशी मांजर व्यालं. सासूबाई म्हणायच्या, इकडं माझी लेक रडायची, तिकडं तिची पिल्लं, मला कळायचं नाही कुणाला उचलू. त्यामुळं सगळं घर तुम्हाला मांजरीची बहीण म्हणायचं. जालन्याला सासरी तुमचं पटलं नाही आणि तुम्ही ट्रंक घेऊन परत आलात, तेव्हाही जाऊबाई म्हणाल्या होत्या, मांजर कुठं बी नेऊन सोडा, घराला बरोबर परत येतं. तुम्हाला ते लागलं होतं. मला कधी बोलला नाहीत, पण लागलं होतं.

तर मांजर ठरलं, आणि घराची जी काय तयारी सुरू झाली! सून घरात यायची म्हणून एवढी कुणी करत नाही. मशीनच्या खणातले सगळे दोरे, रिळं, सुया, हुक, बटणं गोळा करून डब्यात घातलीत, कारण पिलू दोरा गिळतं आणि आतडी गुंततात म्हणे. मी म्हटलं, "वन्सं, जन्मभर आमच्या पायात तुमच्या सुया टोचल्या. तेव्हा नाय आवरलं. मांजरासाठी आवरताय?" तुम्ही म्हणालात, "तुमाला ओरडता येत होतं." उंदराचं औषध फेकलं. फिनेल वरच्या फळीवर गेलं. समोर बांधकाम चालू आहे तिथून घमेलंभर रेती आणवलीत, चाळलीत, उन्हात वाळवलीत आणि न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवलीत. तुमचं जुनं लुगडं चौघडी करून खोक्यात घातलंत. आणि मला शिकवणी. "दूध द्यायचं नाय. गाईचं तर नायच. मऊ उकडलेलं अंडं, कोंबडीचं पाणी, आणि साधं पाणी बाजूला. वैनी, ध्यानात ठेवा. तुमी लगेच दूध घेऊन पळाल."

मी म्हटलं, मांजर दूध पीत नाही तर काय चहा पितं? आता वाटतं, तेव्हा मनावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग जाळीवाला आला. क्रांती चौकातल्या दुकानातून तुम्ही माणूस बोलावलात आणि त्यानं गॅलरीला कठड्यापासून छतापर्यंत जाळी मारली. मी देवळातून आले तर गॅलरी पिंजऱ्यासारखी दिसत होती आणि परळ आत, स्टुलावर.

"माझी चिमणी कुठून येईल आता?" मी विचारलं.

"पिलू वरून पडलं म्हंजे?" तुम्ही म्हणालात.

"मी चिमणीचं विचारतेय."

"वैनी, ती रोज येती ती एकच चिमणी हाय व्हय? गारखेड्यातल्या समद्या चिमण्या येऊन पाणी पिऊन जात्यात. तुमी मात्र त्यांच्यात नवरा शोधताय."

मी म्हटलं, "तुमचा भाऊ आहे तो."

आणि तुम्ही चष्मा काढलात. पुसलात. म्हणालात, "माझा भाऊ गेला. त्याला इतकी वर्सं झाली. मला माहिती हाय तो गेला. तुमीच अजून त्याला जाऊ देत नाय."

हे तुम्ही बोलायला नको होतं. बोललात ते बोललात. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला, तुमच्यासमोर ठेवला, बोलले नाही. कप खाली ठेवला, जुन्यासारखा. तुम्ही तो उचललात तेव्हा गुडघा धरून वाकावं लागलं तुम्हाला. ते मी पाहिलं. दुपारी मी स्वयंपाकघरात होते, कुकरला शिट्ट्या येत होत्या. वरण उतरवून जेवायला बोलवायला आले, बोलवायलाही नाही खरं म्हणजे, नुसतं ताट आपटायला आले, तर तुम्ही दिवाणाला टेकून खाली बसलेल्या होतात आणि मान एका बाजूला. मला आधी वाटलं मशीनखाली सुई शोधताय.

एक विचारू? हाक मारली होती का तुम्ही मला? कुकरची शिट्टी होती. मी ऐकली नाही की मारलीच नव्हती? रोज कुकर लावते आणि रोज हेच डोक्यात येतं. आता शिट्टी झाली की गॅस बंद करते आणि उगीच थोडा वेळ थांबते.

दिगंबर त्याच दिवशी अजिंठ्याहून निघाला होता, पिलू घेऊन. सिल्लोडला पोचला तेव्हा त्याला फोन गेला. आता गाडीतून परत कुठं जायचं? तो एका हातात टोपली घेऊन वर आला, टोपलीवर फडकं बांधलेलं, आतून म्याव म्याव, आणि समोर तुम्ही ठेवलेल्या. त्याला कळेना टोपली आधी ठेवू की पाया आधी पडू. शेवटी टोपलीसकट वाकला. पिलू बघितलं असतंत वन्सं. पांढऱ्यावर राखी ठिपके, एक कान पुरा राखी. कुणीतरी त्याला गॅलरीत सोडलं आणि दार लावलं. तुम्हाला न्यायची घाई होती.

तुम्हाला नेलं आणि मग पिठाची वेळ आली. पीठ होतं, दिवा होता, टोपली नव्हती. आता फ्लॅटमध्ये बांबूची टोपली कोण ठेवतं? प्लास्टिकचं चालत नाही म्हणाल्या जाऊबाई. तेवढ्यात त्यांचं लक्ष दिगंबरच्या टोपलीकडं गेलं. झटकली, पालथी घातली. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, कोण बघतंय टोपली कुणाची ते.

सकाळी उचलली तर पाऊल.

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "गोदा गं! मांजरीची बहीण मांजराच्याच जल्माला गेली बग!"

माझी लेक नाशिकहून आली होती, ती म्हणाली, "काकू, अहो घरात पिलू आहे. तेच गेलं असेल टोपलीखाली. एका बाजूनं काठ मोडलाय बघा."

"एवढ्या घरात त्याला तीच जागा सापडली व्हय?" जाऊबाई म्हणाल्या. "दार लावलेल्या गॅलरीतून? आन दिगू बरोबर त्याच दिशी पिलू घेऊन येतो? अगं, जीव तिकडून निघाला आन हिकडं आला."

दार रात्री कुणीतरी उघडलंच असेल, एवढी माणसं होती. पण त्या वेळी सगळ्यांनी त्या पावलाला हात जोडले. मीही. वन्सं, मला ते खरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, चला, बोलता येईल. भांडण पुरं करता येईल.

आणि मग तुमचे लाड सुरू झाले. जो भेटायला येईल तो पिलापुढं वाकायचा. "आत्या, ओळखलं का?" तुम्हाला चहात बुडवलेली खारी आवडायची म्हणून कुणी खारी चारली. कुणी दुधात साखर घालून. कुणी बासुंदी घेऊन आलं. तुमचा आवडता मटणाचा नान-खलिया तेवढा सुतक म्हणून राहिला, नाहीतर तोही वाटीत आला असता. सुतकावरूनही झालंच. जाऊबाई म्हणाल्या, लग्न करून दिलेली लेक, माहेराला तीनच दिवसांचं. मी म्हटलं, वन्सं ह्या घरातून गेल्या, ह्या घरात पुरतं धरायचं. त्यावर मात्र मी कुणाचं ऐकलं नाही.

पण दूध पाजू नका हे मी म्हटलं नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं आठवत होतं, अंडं, कोंबडीचं पाणी, सगळं. पण पिलू जिभेनं लपलप पीत होतं आणि मला वाटायचं, आवडतंय की तुम्हाला.

मग त्याला जुलाब लागले. आधी रेतीत जायचं, मग तिथपर्यंत पोचेना. मग उठेना. तुमच्या लुगड्यावर निपचित पडलेलं, डोळ्यांवर पांढरा पडदा चढलेला. जाऊबाई वाटी घेऊन बसल्या. "दूध पाज गं शांता. गोदाला दूध लई आवडायचं. पाज, तरतरी येईल."

त्यांनी बोट दुधात बुडवलं आणि पिलाच्या तोंडाला लावलं. त्याला तोंड फिरवायचंही बळ नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "जाऊबाई, वाटी खाली ठेवा. ह्या वन्सं नाहीत."

"काय बोलतीस?"

"वन्सं गेल्या. वन्सं मेल्या, जाऊबाई. हे मांजराचं पिलू आहे आणि आपण त्याला मारतोय."

तुम्ही गेल्यापासून मी ते मोठ्यानं बोलले नव्हते, वन्सं. लोकांना फोन केले तेव्हाही मी म्हणत होते, वन्संची तब्येत बिघडली होती, तुम्ही या. ते एक वाक्य बोलायला मला पिलाचा जीव जायची वेळ यावी लागली. तुम्ही म्हणाला होतात ना, मी जाऊ देत नाही म्हणून. घ्या. जाऊ दिलं. काय झालं त्यानं? दुधाची वाटी मोरीत ओतली, दुसरं काय.

जाऊबाई म्हणत होत्या सुतकात बाहेर पडू नको. मी पिलू पदरात गुंडाळलं आणि खाली उतरले. रिक्षावाला म्हणाला, "क्या हुआ अम्मा? पल्लू में क्या है?"

मी म्हटलं, "बिल्लीचं पिलू आहे रे बाबा. लवकर क्रांती चौक."

"रोते कैकू? मेरी घरवाली भी ऐसीच है. मैं बुखार में पड़ा तो बोली सो जाव, बिल्ली छींकी तो रिक्षा निकालो बोली." आणि रिक्षा अशी पळवली की मी एका हातानं दांडा आणि एका हातानं ते ऊन ऊन गाठोडं धरून बसले.

जनावरांची डॉक्टरीण आपल्या लेकीएवढी. तिनं विचारलं काय काय खाल्लं. मी सांगत गेले, दूध-साखर, खारी, बासुंदी. ती म्हणाली, "आजी, ह्याचं लग्न होतं का?" मला एकदम हुंदका फुटला. बिचारी घाबरली. तिनं कातडीखाली सलाईन दिलं, ड्रॉपरनं पाणी कसं पाजायचं ते दाखवलं. म्हणाली, "आजची रात्र निघाली तर बघू. हे आईपासून लवकर तोडलंय. आईचा वास असलेलं काही आलं होतं का बरोबर? फडकं वगैरे? त्यात ठेवा."

फडकं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. मी पिलू घरी आणून खोक्यात ठेवलं, ड्रॉपर धुवायला गेले, परत येते तर खोकं रिकामं. उभं राहता येत नव्हतं त्याला. मी खाली वाकून दिवाणाखाली बघितलं, मशीनखाली बघितलं. मग दिव्याच्या उजेडात, दहाव्यापर्यंत पिठावर तशीच पालथी ठेवलेल्या टोपलीचा काठ हलल्यासारखा वाटला.

उचलली. पिठाच्या मधोमध ते गोल होऊन पडलं होतं. नाक टोपलीच्या कडेला लावलेलं.

तेव्हा मला कळलं. ती तुमची टोपली नव्हतीच. ती त्याची होती. त्याच्या आईचा वास असलेली एकच वस्तू ह्या घरात होती आणि ती आपण पहिल्याच दिवशी काढून घेतली. त्या पहिल्या रात्रीही ते तुमच्या जागेवर आलं नव्हतं, आपल्या आईकडं आलं होतं. आणि आम्ही सगळी मोठी माणसं त्याच्या पावलाला हात जोडत होतो.

दहाव्याला दिगंबर पैठणला निघाला. पीठ, राख, सगळं फडक्यात बांधलं. जाऊबाईंनी टोपलीही पुढं केली. "ही बी सोड नदीत."

"ती नाही," मी म्हटलं.

"मेलेल्या माणसाची टोपली घरात ठिवतीस?"

"जित्या पिलाची आहे. आपणच उचलली होती."

त्या खाली बसल्या. मग टोपली हातात फिरवून मोडका काठ बघितला, बोटानं चाचपला, म्हणाल्या, "हे टोचंल त्याला," आणि आपल्या पिशवीतून सुतळी काढून काठ बांधत बसल्या. तुम्ही त्यांना उभा जन्म नावं ठेवलीत वन्सं, पण बांधला छान.

पैठणला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवला न ठेवला तोच. दिगंबरनं फोनवर सांगितलं, आत्याची काही इच्छा राहिली नव्हती. सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला. माझ्याशी भांडण अर्धं टाकून गेलात आणि काहीच राहिलं नव्हतं तुमचं? कप खाली ठेवला होता मी तुमच्यासमोर. त्याचंही काही नाही?

काल सगळे गेले. पिलू आता अंडं खातं, थोडं थोडं. जगेल म्हणते डॉक्टरीण, पण पोट नाजूकच राहणार म्हणे. मला अजून भितं. मी जवळ गेले की टोपलीत जाऊन बसतं आणि मोडक्या बाजूनं बघतं. नाव ठेवलेलं नाही. तुमचं ठेवू नका असं मी सगळ्यांना बजावलंय.

आणि आज सकाळी माझी खोली झाडायला घेतली. इतके दिवस बाहेरच्या खोलीत बायकांबरोबर झोपत होते. समोरच्या बांधकामाची धूळ येते म्हणून माझ्या खाटेजवळची खिडकी मी उघडत नाही, पडदा ओढलेला असतो. आज पडदा धुवायला काढला. तर खिडकीच्या गजाला, बाहेरच्या बाजूनं, परळ टांगलेली.

गॅलरीतली. स्टुलावर होती ती. मी विसरूनच गेले होते तिला. ब्लाउजपिसाच्या तीन पट्ट्या वेणीसारख्या गुंफलेल्या आणि गाठ ती तुमचीच, दोनदा फिरवून आत ओढलेली. तुम्ही जायच्या आदल्या संध्याकाळी तर मी ह्याच खोलीत दार लावून होते. म्हणजे त्या सकाळीच. मी अंघोळीला गेले तेव्हा, नाहीतर कुकर लावला तेव्हा. त्या गुडघ्यांनी तुम्ही माझ्या खाटेवर चढला असाल, कारण जमिनीवरून तुमचा हात तिथं पोचत नाही. चढला असाल, उतरला असाल, बाहेर जाऊन दिवाणाला टेकला असाल. मग मला हाक मारली असेल? हे दाखवायला? की काहीच बोलायचं नाही, आपोआप सापडू दे असं ठरवलं होतं?

सांगायला तुम्ही नाहीत. पिलाला विचारून उपयोग नाही, ते पिलू आहे.

परळ कोरडी पडली होती. तळाला ज्वारीचे दोन दाणे चिकटलेले. मी खिडकीचं दार पुरं उघडलं, तांब्या आणला, पाणी घातलं, आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं, पिलू इकडं येऊ नये म्हणून. ते बाहेर ओरडतंय. ओरडू दे थोडं.

मी खाटेवर बसून लिहितेय आणि मधून मधून बघतेय. परळ भरलीय, वन्सं. अजून चिमणी आलेली नाही. झुरळसुद्धा नाही.